पेशींच्या निरोपांचा शोध : पान्ह्यापासून प्रयोगशाळेपर्यंत

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा या डोंगराळ तालुक्यांत डांगी गाय पिढ्यान् पिढ्या पाळली जाते. धुवाधार पावसात टिकून राहणारी ही जात दुधासाठी फारशी नावाजलेली नाही. तरी गाय केव्हा पान्हावते आणि केव्हा पान्हावत नाही, याचे ज्ञान येथील पशुपालकांजवळ पूर्वापार चालत आले आहे. वासरू आधी कासेला लावले की गाय पान्हा सोडते. अनोळखी माणूस जवळ आला किंवा कुत्रे अंगावर धावून आले, की तीच गाय दूध चोरते. कासेत दूध असते, परंतु ते खाली उतरत नाही.

या नित्याच्या अनुभवामागे शरीरातील एक विलक्षण दळणवळण दडलेले आहे. वासरू सडाला लागताच त्या स्पर्शाची जाणीव मज्जातंतूंवाटे मेंदूपर्यंत पोहोचते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडले जाते. रक्ताबरोबर ते कासेत येते आणि दूधपेशींभोवती जाळ्यासारख्या पसरलेल्या, स्नायूंप्रमाणे आकुंचन पावणाऱ्या पेशींना आवळून येण्याचा निरोप देते. त्या आवळल्या की दूध नलिकांत उतरते. भीतीच्या क्षणी रक्तात मिसळणारे ॲड्रेनॅलिन या कामात अडथळा आणते, म्हणून घाबरलेली गाय पान्हावत नाही. मातेच्या स्तनातही हीच क्रिया घडते.

एका अवयवाने पाठविलेला निरोप दुसऱ्या अवयवातील पेशीने ओळखावा आणि त्यानुसार वागावे, या व्यवहारास जीवशास्त्रात पेशीसंकेतन असे म्हणतात. स्तनग्रंथीच्या बाबतीत या विषयाला विशेष महत्त्व आहे. निरोप बिनचूक पोहोचला तर बालकाला दूध मिळते. निरोपाची ही यंत्रणा बिघडली तर त्याच ग्रंथीत कर्करोगाची गाठ वाढू शकते. भारतीय स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या कर्करोगांत आज स्तनाच्या कर्करोगाचा क्रमांक पहिला आहे. त्यामुळे हा अभ्यास शास्त्रज्ञांच्या कुतूहलापुरता मर्यादित राहिलेला नाही. महाराष्ट्रातील संशोधकांनी गेल्या सात-आठ दशकांत या विषयात जी वाटचाल केली, ती त्यामुळेच समजून घेण्याजोगी आहे.

जन्मानंतर घडणारा अवयव

हृदय, मूत्रपिंड, फुप्फुस हे अवयव जन्माच्या वेळीच बहुतांशी आकाराला आलेले असतात. स्तनग्रंथीचे तसे नाही. जन्मतः ती मोजक्या नलिकांच्या रूपात असते आणि तिची खरी घडण पुढे टप्प्याटप्प्याने होते. मुलगी वयात येऊ लागली की बीजकोशातून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे नलिका लांबू लागतात. प्रोजेस्टेरॉनमुळे त्यांना उपशाखा फुटतात. गर्भारपणात या शाखांच्या टोकांशी दुधाच्या सूक्ष्म पिशव्यांचे घोस तयार होतात. पीयूषिका ग्रंथीतून येणारे प्रोलॅक्टिन या पिशव्यांतील पेशींना दूध तयार करण्याचा निरोप देते.

गर्भारपणी ग्रंथी सज्ज असूनही दूध भरपूर का येत नाही, हा प्रश्न साहजिक आहे. त्या काळात रक्तातील प्रोजेस्टेरॉनचे प्रमाण मोठे असते आणि ते दूधनिर्मिती रोखून धरते. बाळंतपणात वार पडून गेली की हे प्रमाण झपाट्याने उतरते, प्रोलॅक्टिनची आज्ञा चालू लागते आणि दोन-तीन दिवसांत दूध भरून येते. मूल अंगावरून तुटले की या निरोपांची दिशा उलटते. दुधाच्या पेशी मोठ्या संख्येने ठरलेल्या क्रमाने नाहीशा होतात आणि ग्रंथी पुन्हा जवळजवळ पूर्ववत होते. प्रत्येक गर्भारपणात हे चक्र नव्याने फिरते.

वाढ, निर्मिती आणि विसर्जन यांचे असे फेरे प्रौढ शरीरातील फारच थोडे अवयव अनुभवतात. प्रत्येक फेऱ्यात लक्षावधी पेशींना केव्हा वाढावे, केव्हा थांबावे आणि केव्हा नाहीसे व्हावे, हे अचूक कळावे लागते. ‘थांब’ हा निरोप एखादीने ऐकला नाही, तर ती वाढतच राहते. कर्करोगाचे मूळ स्वरूप हेच होय.

शेतातील निरीक्षण रुग्णालयात

स्तनग्रंथी आणि संप्रेरके यांच्या नात्याचा वैद्यकाला झालेला पहिला उपयोग शेतीच्या व्यवहारातून आला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. स्कॉटलंडमधील शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी आपल्या प्रबंधासाठी दूध येण्याच्या क्रियेचा अभ्यास केला होता. व्यालेल्या गायीचे बीजकोश काढून टाकल्यास ती अधिक काळ दूध देते, अशी काही देशांतील शेतकऱ्यांची पद्धत त्यांच्या कानी आली. बीजकोश आणि स्तन यांच्यामध्ये काही संबंध असला पाहिजे, असे त्यांनी ताडले. शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या स्तनाच्या कर्करोगात बीजकोश काढल्याने गाठी आक्रसल्याचा वृत्तांत त्यांनी 1896 साली प्रसिद्ध केला. संप्रेरक हा शब्द तेव्हा रूढही झाला नव्हता. निरोप कोणता, हे ठाऊक नसताना निरोप पाठविणारी जागा त्यांनी शोधून काढली होती.

त्यानंतर 1936 साली अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन बिटनर यांनी उंदरांवर केलेले प्रयोग गाजले. स्तनाचा कर्करोग वारंवार होणाऱ्या वंशातील पिल्ले जन्मतःच आईपासून वेगळी करून त्यांनी निरोगी वंशातील मादीला लावली. या पिल्लांमध्ये मोठेपणी कर्करोगाचे प्रमाण पुष्कळ घटले. आईच्या दुधातून काहीतरी पिल्लाकडे जात होते. तो एक विषाणू असल्याचे पुढे सिद्ध झाले. आनुवंशिक प्रवृत्ती, संप्रेरके आणि दुधातील विषाणू ही तीन कारणे एकत्र आली म्हणजे उंदरात हा रोग उद्भवतो, असे चित्र त्यातून उभे राहिले.

परळच्या प्रयोगशाळेतील उंदीर

हेच कोडे घेऊन मुंबईत एक मराठी संशोधिका कामाला लागली. कमल रणदिवे यांचा जन्म 8 नोव्हेंबर 1917 रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. हुजूरपागेत शालेय शिक्षण, फर्ग्युसनमध्ये पदवी आणि 1943 साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एम्. एस्सी. असा त्यांचा शिक्षणक्रम झाला. एम्. एस्सी.साठी त्यांनी सीताफळाच्या कुलातील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास केला होता. मुलीने डॉक्टर व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. कन्येने वैद्यकाची पदवी घेतली नाही, परंतु तिचे आयुष्य वैद्यकाच्याच एका अवघड प्रश्नात गेले.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाची स्थापना 1941 सालची. तेथे विकृतिशास्त्र विभागात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली रणदिवे यांनी काम केले आणि 1949 साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. त्यांनी उंदरांच्या निरनिराळ्या वंशांची तुलना हाती घेतली. काही वंशांत स्तनाचा कर्करोग सहज होतो आणि काहींत क्वचित होतो, या भेदाची संगती आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांच्या परस्परसंबंधांतून कशी लावता येईल, हा त्यांच्या अभ्यासाचा गाभा होता. असे काम चिकाटीचे असते. उंदरांच्या पिढ्या वंशशुद्ध राखाव्या लागतात, प्रत्येक प्राण्याची नोंद ठेवावी लागते आणि निष्कर्षासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते.

पुढील प्रशिक्षणासाठी त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर, काचेच्या पात्रात पेशी वाढविण्याच्या म्हणजेच ऊतिसंवर्धनाच्या तंत्रासाठी ही प्रयोगशाळा प्रसिद्ध होती. मुंबईस परतल्यावर भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. देशातील अशा स्वरूपाची ती पहिली प्रयोगशाळा मानली जाते. संपूर्ण प्राण्यात एका वेळी असंख्य निरोप फिरत असतात. पात्रात वाढविलेल्या पेशीला मात्र एकच निरोप देऊन तिचे उत्तर पाहता येते. संकेतनाच्या अभ्यासाला असे तंत्र अत्यावश्यक असते.

याच संस्थेतील डॉ. सत्यवती सिरसाट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने पेशींची अंतर्रचना अभ्यासली. मुंबईच्या पारशी समाजात स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक आढळत असल्याने तेथील मातांच्या दुधाची तपासणी करण्यात आली. उंदरांतील विषाणूसारखे दिसणारे कण त्यात आढळल्याचे भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1971 साली मिळून प्रसिद्ध केले. मानवी स्तनाचा कर्करोग अशा विषाणूने होतो, हे मात्र पुढील संशोधनाने सिद्ध झाले नाही. एक वाट पुढे गेली नाही, तरी ती तपासून पाहिल्यामुळेच संशोधकांचे लक्ष पेशीच्या आतील घडामोडींकडे अधिक वळले.

श्रीमती रणदिवे यांना 1982 साली पद्मभूषण या सन्मानाने गौरविण्यात आले. भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना ही 1973 साली स्थापन झालेली संस्था उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता.

निरोप वाचण्याची कला

संप्रेरक रक्तातून सर्वत्र फिरते, मग त्याचा परिणाम ठराविक पेशींवरच का होतो? याचे उत्तर ग्राही या नावाच्या प्रथिनांत सापडले. कुलपाला स्वतःचीच किल्ली लागावी, तसे प्रत्येक संप्रेरक आपापल्या ग्राहीलाच जुळते. ज्या पेशीत ग्राही नाही, तिला निरोप ऐकू येत नाही. इस्ट्रोजेनचा ग्राही पेशीच्या आत असतो. संप्रेरक त्याला जाऊन मिळाले की तो केंद्रकातील विशिष्ट जनुकांना चालना देतो.

प्रोलॅक्टिनची रीत वेगळी आहे. ते पेशीच्या आत शिरत नाही. त्याचा ग्राही पेशीच्या आवरणात असतो. बाहेरून निरोप आला की आतील बाजूचे एक प्रथिन दुसऱ्याला जागे करते आणि ते दुसरे प्रथिन केंद्रकात जाऊन दुधाच्या प्रथिनांची जनुके चालू करते. तालुक्याहून आलेला हुकूम पाटलाने कोतवालाकरवी गावभर पोहोचवावा, तशी ही साखळी असते. हे दुसरे प्रथिन 1994 साली दुभत्या मेंढीच्या ग्रंथीतून ओळखले गेले आणि त्याला आरंभी ‘स्तनग्रंथी घटक’ असेच नाव होते. स्टॅट-5 या नावाने आता ओळखले जाणारे हे प्रथिन शरीरात अन्यत्रही काम करते, असे नंतर दिसून आले.

निरोगी स्तनातील आणखी एक व्यवस्था मोठी उद्बोधक आहे. ज्या पेशींत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन यांचे ग्राही असतात, त्या स्वतः सहसा विभागत नाहीत. निरोप मिळाल्यावर त्या शेजारच्या पेशींकडे दुसरा निरोप पाठवितात आणि शेजारणी वाढतात. कर्करोगात ही शिस्त मोडते. ग्राही असलेली पेशी स्वतःच विभागू लागते, आणि वाढीचा लगाम सुटतो.

या ज्ञानाचा उपयोग उपचारांत झाला. टॅमॉक्सिफेन हे औषध स्तनातील इस्ट्रोजेनच्या ग्राहीला चिकटून खऱ्या निरोपाची वाट अडविते. 1970 च्या दशकापासून ते वापरात आहे. काही गाठींत पेशीच्या आवरणावर हर-टू नावाचा ग्राही प्रमाणाबाहेर असतो आणि तो वाढीचा घोष चालूच ठेवतो. त्याला रोखणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध 1998 साली अमेरिकेत मान्य झाले. आज गाठीचा तुकडा तपासताना कोणते ग्राही आहेत, हे पाहिले जाते आणि त्यावर उपचारांची दिशा ठरते. तीनही ग्राही नसलेल्या गाठींवर ही औषधे चालत नाहीत. अशा रुग्णांसाठी नवे मार्ग शोधणे हे आजच्या संशोधनापुढील मोठे काम आहे.

शस्त्रक्रियेपूर्वीचे एक इंजेक्शन

शस्त्रक्रिया मासिक पाळीच्या कोणत्या दिवसांत झाली, याचा रुग्णाच्या आयुर्मानाशी संबंध असावा काय, असा प्रश्न डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या गाईज रुग्णालयातील 249 स्त्रियांच्या नोंदींवरून विचारला. त्यांचा लेख 1991 साली प्रसिद्ध झाला. पाळीनंतरच्या तिसऱ्या ते बाराव्या दिवसांत, म्हणजे इस्ट्रोजेन एकटेच प्रभावी असण्याच्या काळात शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांपैकी दहा वर्षे हयात राहिलेल्यांचे प्रमाण 54 टक्के होते. उरलेल्या दिवसांत शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये ते 84 टक्के होते. इतरत्र झालेल्या पाहण्यांचे निष्कर्ष एकसारखे आले नाहीत, परंतु प्रोजेस्टेरॉन काही संरक्षण देत असेल काय, हा प्रश्न पुढे आला.

टाटा स्मारक रुग्णालयात मग एक हजार स्त्रियांचा सहभाग असलेली चाचणी घेण्यात आली. निम्म्या स्त्रियांना शस्त्रक्रियेपूर्वी 5 ते 14 दिवस प्रोजेस्टेरॉनसदृश औषधाचे एकच इंजेक्शन देण्यात आले. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सर्व स्त्रियांचा एकत्रित विचार करता दोन्ही गटांतील फरक निर्णायक नव्हता. मात्र काखेतील गाठींपर्यंत रोग पोहोचलेल्या स्त्रियांमध्ये पाच वर्षांनंतर रोगमुक्त असणाऱ्यांचे प्रमाण इंजेक्शन घेतलेल्या गटात सुमारे 65 टक्के, तर न घेतलेल्या गटात सुमारे 55 टक्के आढळले. एका उपगटातील अशा निष्कर्षाला अधिक पडताळणीची जोड लागते, हे शास्त्राचे शिस्तबद्ध धोरण आहे. तरीही अल्पमोली औषधाच्या एका मात्रेतून असा संकेत मिळावा, ही विचार करण्याजोगी गोष्ट होती.

येथून प्रश्न पुन्हा प्रयोगशाळेकडे आला. टाटा स्मारक केंद्राच्या नवी मुंबईतील खारघर येथील संशोधन केंद्रात डॉ. अमित दत्त यांच्या गटाने पात्रात वाढविलेल्या कर्करोगपेशींना प्रोजेस्टेरॉन देऊन त्यांचे वर्तन पाहिले. पेशींची इतस्ततः पसरण्याची क्षमता त्यामुळे कमी झाली. ज्या पेशींत प्रोजेस्टेरॉनचा ओळखीचा ग्राही नाही, त्यांच्यातही हा परिणाम दिसून आला. एसजीके-1 नावाच्या प्रथिनाची निर्मिती वाढते आणि त्यापासून सुरू होणारी साखळी पेशींचे स्थलांतर रोखणाऱ्या एनडीआरजी-1 या प्रथिनापर्यंत पोहोचते, असे 2019 सालच्या त्यांच्या लेखात दाखविण्यात आले आहे. रुग्णालयात दिसलेल्या गोष्टीचे कारण पेशीच्या आत शोधावे आणि तेथे सापडलेले पुन्हा रुग्णालयात पारखावे, अशी ही दुहेरी वाट आहे.

उपकेंद्रापर्यंत

प्रयोगशाळेतील सर्व प्रगती एका साध्या अटीवर अवलंबून आहे. रुग्ण वेळेवर आला पाहिजे. आरंभीच्या अवस्थेत गाठ बहुधा दुखत नाही, आणि जी दुखत नाही ती दाखविण्याचे घरकामाच्या व शेतीच्या रगाड्यात राहून जाते. संकोचही आड येतो. दुखणे वाढून स्त्री दवाखान्यात पोहोचते, तेव्हा ग्राहीचे सर्व ज्ञान हाती असूनही डॉक्टरांचे हात बांधलेले असतात.

मुंबईत 1998 साली सुरू झालेल्या एका मोठ्या चाचणीने या प्रश्नाचे उत्तर शोधले. टाटा स्मारक केंद्राच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी 35 ते 64 वयाच्या 1,51,538 स्त्रियांचा समावेश असलेल्या वीस वस्त्यांची दोन भागांत विभागणी केली. एका भागात प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी हातांनी स्तनांची तपासणी केली. महागड्या यंत्राचा उपयोग त्यात नव्हता. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तपासणी झालेल्या भागात रोग अधिक लवकरच्या अवस्थेत सापडला. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले. त्याहून लहान वयाच्या स्त्रियांत मृत्यूंमध्ये अशी घट दिसली नाही.

राष्ट्रीय कार्यक्रमात 30 ते 65 या वयोगटातील स्त्रियांची अशी तपासणी दर पाच वर्षांनी करण्याची तरतूद 2016 सालच्या मार्गदर्शक सूचनांत करण्यात आली आहे. सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावरील स्त्रीसाठी या सर्व संशोधनाचे दार उपकेंद्रातील सेविकेच्या हातांनीच उघडते. ते हात शिकलेले असणे म्हणूनच महत्त्वाचे. नाशिकजवळ म्हसरूळ येथे 1998 सालापासून कार्यरत असलेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी राज्यातील वैद्यकीय, आयुर्वेद आणि परिचर्या महाविद्यालये संलग्न आहेत. डॉक्टर व परिचारिकांच्या पुढील पिढ्यांना ग्राही म्हणजे काय आणि गाठ कशी चाचपावी, हे दोन्ही शिकविण्याची जबाबदारी त्यातून नाशिकनगरीकडे आली आहे.

प्रयोगशाळा आणि पाडा यांच्यातील हे अंतर कमल रणदिवे यांनी स्वतः तोडले होते. निवृत्तीनंतर, 1989 पासून त्यांनी नाशिक जिल्ह्याला लागून असलेल्या अकोले तालुक्यात सत्यनिकेतन या संस्थेच्या सहकार्याने आदिवासी बालकांच्या पोषणाची व आरोग्याची माहिती गोळा करण्याचे काम केले. हा तालुका तत्कालीन अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील. उंदरांच्या दुधाचा अभ्यास केलेल्या या शास्त्रज्ञाने उतारवयात डोंगरातील मुलांच्या पोषणाची काळजी वाहिली. 2001 साली त्यांचे निधन झाले.

मातेच्या दुधाचा आणि या विषयाचा आणखी एक संबंध सांगण्यासारखा आहे. तीस देशांतील 47 पाहण्यांचा एकत्रित विचार करून 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, स्त्रीने अंगावर पाजलेल्या दर बारा महिन्यांमागे तिला स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका सुमारे 4.3 टक्क्यांनी कमी होतो. बाळाच्या पोषणाबरोबर आईच्याही आरोग्याचे काही अंशी रक्षण होते. अर्थात् ज्यांनी मुलांना पाजले आहे, त्यांना हा रोग होतच नाही, असे मात्र नाही.

स्तनात आढळणाऱ्या बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात. परंतु कोणती गाठ साधी आणि कोणती घातक, हे घरी बसून ठरविता येत नाही. नवी गाठ, स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे किंवा त्वचेला संत्र्याच्या सालीसारखे खळगे पडणे, यांपैकी काहीही दिसून आल्यास विलंब न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखविणे हेच श्रेयस्कर. पेशींनी एकमेकींना दिलेले निरोप वाचण्यासाठी संशोधकांनी आयुष्ये वेचली आहेत. शरीर जो निरोप उघडपणे देते, तो वेळीच ऐकणे प्रत्येक कुटुंबाच्या हाती आहे.